पाटावरचे बारा ब्रश

पियुष वेळेवर जेवतो का, हेल्मेट घालतो का, या काळज्या शर्मिलाने एकेक करून सोडून दिल्या होत्या. मुलगा पंचवीस वर्षांचा झाल्यावर आईने किती ठिकाणी पुरं पडायचं? एक काळजी मात्र चिकटली ती चिकटलीच. आप्पासाहेबांनी विचारलं, "पोरगं नक्की करतंय काय?" तर काय सांगायचं?

बाहेरच्यांना सांगायला तिला जड जात नसे. ती एका शाळेच्या कार्यालयात काम करत होती. तिथल्या बायकांना तिने कधीच सांगून टाकलं होतं की पियुष नवऱ्यामुलींचा मेकअप करतो. त्या बायकांनी तोंडं वाकडी केली नाहीत, उलट आपापल्या भाच्या-पुतण्यांच्या तारखा सांगितल्या आणि ओळखीत कमी घेईल ना, असं विचारलं. पण आप्पासाहेब म्हणजे तिचे थोरले दीर. कोथरूडला शेती होती तेव्हा नांगर धरलेले, शेतीच्या सोसायट्या झाल्यावर जेसीबी घेतलेले, आणि आता सहा यंत्रांचे मालक. भावकीत त्यांचा शब्द शेवटचा. दीड वर्षापूर्वी पियुषने चाकणच्या कारखान्यातली नोकरी सोडली, तेव्हा त्यांनी शर्मिलालाच फोन केला होता. तिच्या तोंडून निघून गेलं, "इव्हेंटमध्ये गेलाय तो."

"इव्हेंट म्हंजे मांडव-बिंडव?"

"तसंच काहीतरी."

त्या "तसंच काहीतरी"वर दीड वर्ष निघालं होतं. आप्पासाहेब लोकांना अभिमानाने सांगत की पुतण्या मांडव-डेकोरेशनच्या मोठ्या कंपनीत आहे, आणि शर्मिला पदराला हात लावून दुसरीकडे बघत असे.

गंमत म्हणजे पियुषचा हात पहिल्यांदा ओळखला तो आप्पासाहेबांनीच. पियुष डिप्लोमाला असताना गणपतीत मंडळाने जिवंत देखावा केला होता, आणि सगळ्यांचे चेहरे त्याने रंगवले होते. एका जखमी मावळ्याच्या कपाळावरची जखम इतकी खरी झाली की पहिल्याच दिवशी एक आजीबाई कापूस आणि आयोडीन घेऊन मंचावर चढल्या. आप्पासाहेबांनी स्पीकरवरून पाचशे एक रुपये जाहीर केले. पुढे कारखान्यातही पियुषला रंगाचंच काम मिळालं. गाड्यांचे पत्रे दिव्याखाली तपासायचे, कुठे छटा चुकली, कुठे थर जाड बसला ते सांगायचं. चार वर्षं त्याने पत्रे बघितले आणि एक दिवस घरी येऊन म्हणाला, "आई, मला माणसांचे चेहरे जास्त कळतात."

त्याचे वडील समाधान बस डेपोत मेकॅनिक. ते पान्हे पुसता पुसता म्हणाले, "चेहरे कळतात म्हणतोस, मग आईचा आत्ताचा बघ."

या वर्षी नवरात्र चार दिवसांवर आलेलं असताना पियुष म्हणाला, "आई, शनिवारी माझ्याबरोबर चल. ब्रश घ्यायचेत."

"मला काय कळतं त्यातलं?"

"कळायला नको. तुझा हात लागू दे. धंद्यातली पहिली मोठी खरेदी आहे."

असं म्हटल्यावर कुठली आई नाही म्हणेल? शर्मिलाने चांगली साडी नेसली आणि त्याच्या स्कूटरवर मागे बसली.

दुकान कर्वे रस्त्यावर होतं, काचेचं आणि गारेगार. पियुष यापूर्वी तीनदा येऊन नुसतंच बघून गेला होता, हे तिला विक्रेत्या मुलीच्या हसण्यावरून कळलं. मुलीने काउंटरवर काळं मखमली कापड अंथरलं आणि एकेक ब्रश असा मांडला की जणू तनमणी दाखवतेय. एकूण बारा. दांडे गुळगुळीत लाकडाचे. पाच ब्रशांचे केस तपकिरी, कृत्रिम धाग्याचे, आणि सातांचे पांढरेशुभ्र.

"मॅम, ही आमची नवीन प्रीमियम रेंज. पूर्ण हँडमेड."

"हाताने केलेलं म्हणजे महाग, एवढं समजलं," शर्मिला म्हणाली. "आमच्याकडे पोळ्याही हातानेच होतात. त्यांना मात्र कोणी प्रीमियम म्हणत नाही."

मुलगी हसली आणि तिने किंमत सांगितली. अठ्ठावीस हजार चारशे.

"दांड्यात चांदी आहे का?"

"आई," पियुष म्हणाला.

"विचारलं फक्त. विचारायला तर पैसे पडत नाहीत ना?"

पियुषने सगळ्यात मोठा पांढरा ब्रश उचलला आणि तिच्या गालावरून हलकेच फिरवला. शर्मिलाचे डोळे आपोआप मिटले. लग्न होऊन आली तेव्हा सासरच्या गोठ्यात एक कालवड होती. हात पुढे केला की ती कान घासायची, तिच्या कानाच्या आतला मऊपणा असाच होता.

"काय वाटतंय?"

"वासराचा कान," ती म्हणाली.

"मॅम, शेळीचे केस आहेत," मुलीने दुरुस्त केलं.

मग पियुषने तिला समजावलं. त्याच्या जुन्या ब्रशांचे केस गळत. गेल्या वैशाखात एका मुलीच्या गालावर ऐन मुहूर्ताच्या वेळी एक केस चिकटला, आणि तो काढताना खालचा रंग निघाला. अंतरपाट धरलेला, भटजींचा आवाज टिपेला, आणि हा मामाच्या मागे वाकून करंगळीने गाल सारखा करतोय. "त्या दिवशी ठरवलं," तो म्हणाला. "हत्यार चांगलं हवं. बाबा नाही का, पान्ह्याच्या बाबतीत तडजोड करत नाहीत."

त्याने पैसे भरले, स्वतःचे, लग्नसराईत साठवलेले. खोका शर्मिलाच्या हातात दिला. रस्ता ओलांडून दोघं उसाचा रस प्यायला थांबले, तेव्हा त्याने मनातली गोष्ट काढली.

"आई, संस्कृतीने मला विचारलंय."

संस्कृती म्हणजे आप्पासाहेबांची धाकटी मुलगी; पियुषचं काम तिने फोनवरच्या फोटोंत पाहिलं होतं. तिचं लग्न तुळशीच्या लग्नानंतर लगेच होतं.

"काय विचारलंय?"

"लग्नाचा मेकअप तूच कर म्हणाली. मी हो म्हटलं नाही. चोरून करणार नाही मी. आप्पांना आधी तू सांग, मी काय काम करतो ते."

"मीच का? तू सांग, बाबा सांगतील."

"मांडवाची गोष्ट तू सांगितलीस ना? बाबांचं आप्पा ऐकून घेत नाहीत. तुझं ऐकतात. घरातली पहिली पदवीधर सून म्हणून कागदसुद्धा तुझ्याकडून वाचून घेतात." मग रसाचा पेला खाली ठेवत तो म्हणाला, "दसऱ्याला ते दुसऱ्या कोणालातरी आगाऊ रक्कम देणार आहेत. त्यानंतर सांगून उपयोग नाही."

शर्मिलाने रस संपवला. त्यात आलं जास्त पडलंय, एवढंच म्हणाली.

घरी खोका उघडला तेव्हा सासूबाईंनी, म्हणजे सरुबाईंनी, चष्मा लावून ब्रश हातात घेतला. वय एक्याऐंशी, पण नजर बाजारातली.

"कशाचं म्हणायचं ह्ये?"

"शेळीच्या केसांचं, आजी."

"आन् किती दिलं?"

पियुषने सांगितलं. सरुबाईंनी ब्रश खाली ठेवला. मग बराच वेळ खिडकीतून टेकडीकडे बघत राहिल्या. "चाळीस शेळ्या व्हत्या माज्या त्या टेकडीवर," त्या म्हणाल्या. "आयुष्यभर दूधच इकत बसले. कुनी सांगितलं न्हाय."

त्यानंतर घरात दोन दिवस कोणी ना कोणी मधेच हसत होतं.

खंडेनवमीचा दिवस उजाडला. या घराण्यात त्या दिवशी हत्यारांची पूजा होते ती आप्पासाहेबांच्या आवारात, संध्याकाळी, जेसीबी ओळीने धुऊन उभे केल्यावर. सगळी भावकी आपापलं पोटापाण्याचं हत्यार घेऊन येते. समाधानचे पान्हे, कोणाचा थापी-ओळंबा, कोणाचा लॅपटॉप. गेल्या वर्षी पियुष गेला होता तेव्हा त्याला हातात काय न्यायचं हे सुचलं नाही, म्हणून स्कूटरची किल्ली ठेवून आला. यंदाही ब्रश तिथे नेता येणार नव्हते. पण एवढी नवी वस्तू, पोराच्या कमाईची, ती बिनपूजेची कशी राहू द्यायची? शर्मिलाच्या मनाला ते पटेना. म्हणून ती पहाटे उठली आणि पियुष झोपलेला असतानाच देवघरापुढे पाट मांडला. पाटाखाली रांगोळी, पाटावर लाल कापड, आणि त्यावर बारा ब्रश. शेजारी सोबतीला समाधानचा एक पान्हा.

तिने हळद कालवली. आता हळद-कुंकू वाहायचं कुठे, याचा क्षणभरही विचार तिला करावा लागला नाही. हत्यार जिथे काम करतं तिथे वाहायचं, हे तिने सासरी पहिल्या वर्षापासून बघितलं होतं. खुरप्याला पात्यावर, करवतीला दातांवर, जेसीबीला बादलीच्या दातांवर. म्हणजे ब्रशला केसांवर. बाराही ब्रशांच्या केसांना तिने भक्तिभावाने ओल्या हळदीचं बोट लावलं, वर कुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं, हात जोडले आणि म्हणाली, "याला यश दे."

डोळे उघडले तेव्हा तिला आपण काय केलं ते दिसलं.

कुंकू वरवर बसलं होतं, झटकल्यावर गेलं. तपकिरी ब्रश पाण्याने पुसले तर स्वच्छ झाले. पण पांढऱ्या सातांनी हळद पिऊन टाकली होती. तिने मोरीत जाऊन एका ब्रशाला अंगाचा साबण लावला, आणि पिवळ्याचं लालभडक झालं. तिची बीएस्सी रसायनशास्त्रात झाली होती. हळदीला साबण लागला की लाल होते, हे तिने प्रयोगवहीत आकृतीसकट लिहिलं होतं. पण घाबरलेल्या माणसाला वही आठवत नाही.

"काय चाललंय गं पहाटंपहाटं?" सरुबाई मोरीच्या दारात उभ्या होत्या.

शर्मिलाने लाल झालेला ब्रश पुढे धरला.

सरुबाईंनी ब्रश बघितला, पाटाकडे बघितलं, परत ब्रश बघितला. आणि हसायला लागल्या. आवाज न करता, पोट धरून, भिंतीला टेकून. "नवरीच्या आधी बुरुसाला हळद लागली की गं," त्या म्हणाल्या.

"हसू नका हो आत्या. उद्या त्याचं सदाशिव पेठेत साखरपुड्याचं काम आहे. याच ब्रशांनी."

त्या आवाजाने पियुष उठून आला. शर्मिलाने काहीच लपवलं नाही, लपवण्यासारखं राहिलंही नव्हतं. तो मोरीशी उकिडवा बसला, एकेक ब्रश हातात घेऊन केस विलग करून बघू लागला. कारखान्यात पत्रे बघायचा तसाच, डोळे बारीक करून.

"केसांवरच का लावलंस?" त्याने विचारलं.

"काम तिथे करतो ना तो."

पियुषने मान वर केली. त्याचा चेहरा रागावायला निघाला होता, वाटेतच बदलला. "हे मात्र खरंय," तो म्हणाला, आणि तोही हसायला लागला. समाधान दात घासत आले आणि त्यांनी पाटावरचा पान्हा उचलून पाहिला. "माझ्या पान्ह्याला काही झालं नाही," ते म्हणाले. "तो प्रीमियम नाही ना."

उपाय सरुबाईंनीच सांगितला. "हळदीचं काय एवढं? उन्हात टाका. हळद उन्हाला घाबरती. लगनातल्या साड्या आमी काय फेकून दिल्या व्हय?"

शर्मिलालाही ते ठाऊक होतं, पण घाबरण्यात राहून गेलं होतं. पियुषने सौम्य शाम्पूने ब्रश धुतले, साबणाची लाली पाण्यात उतरली आणि मागे पिवळा रंग राहिला. मग गच्चीवर सासूबाईंचा जुना पंचा अंथरला. एका बाजूला चपटी वीट घालून उतार केला, केसांची टोकं खालच्या अंगाला ठेवली. "उभे नाही ठेवायचे," तो म्हणाला, "पाणी दांड्यात उतरलं तर आतला गोंद सुटतो." ऑक्टोबरचं ऊन, आकाशात ढगाचा ठिपका नाही. सरुबाई काठी घेऊन राखणीला बसल्या, कारण कबुतरांवर त्यांचा विश्वास नव्हता. पुन्हा एकदा त्या शेळ्याच राखत होत्या म्हणा ना.

शाळेला सुट्टी होती. शर्मिला दर अर्ध्या तासाने वर जाऊन बघत होती. दहाला पिवळा, अकराला लिंबासारखा, एकच्या सुमाराला साईच्या रंगाचा. तीन वाजता पियुषने ब्रश पांढऱ्या रुमालावर घासून बघितले. रुमाल स्वच्छ राहिला.

"रुमालाचा भरवसा नाही," तो म्हणाला. "गालावर बघायला हवं. आई, बस."

"मी?"

"मग मी बसू का?" सरुबाई म्हणाल्या. "आयकलं तर माजा जेसीबीवाला ल्योक हार घालंल मला."

खिडकीपाशी खुर्ची ठेवली. शर्मिला बसली आणि तिला कळलं की दीड वर्षात आपण याचं काम एकदाही पाहिलेलं नाही. फोनवर नवऱ्यामुलींचे फोटो पाहिले होते, छान आहे म्हटलं होतं. काम नव्हतं पाहिलं. त्याने आधी हात धुतले, मनगटापर्यंत. मग तिचा चेहरा नुसताच बघत राहिला.

"डाव्या भुवईत खूण आहे. कशाची?"

"लहानपणी विहिरीच्या रहाटाची. तुला माहीत नव्हती?"

"नाही. इतक्या जवळून बघितलं नव्हतं." मग जरा थांबून, "डोळ्यांखाली काळं आहे. झोपत नाहीस तू."

"वय झालं."

"वयाचं काळं वेगळं असतं. हे विचारांचं आहे."

तो डाव्या गालावर काम करू लागला. एका ब्रशाचं काम झालं की तो ठरल्या जागी जात होता, दुसरा न बघता हातात येत होता, जसा समाधानच्या हातात बरोबर मापाचा पान्हा येतो. त्याचा श्वास एकसारखा चालला होता. हनुवटीखाली दोन बोटं टेकून त्याने तिचा चेहरा उजेडाकडे वळवला. त्या दोन बोटांत असा आत्मविश्वास होता की शर्मिलाने मान निमूट वळवली. परक्या मुली याच्यासमोर डोळे मिटून बसतात ते का, हे तिला कळलं. त्यांच्या आया शेजारी निर्धास्त का उभ्या असतात, तेही.

"आरसा घे," तो म्हणाला. "अर्धाच झालाय, पण बघ."

आरशात दोन बायका होत्या. उजवीकडची नेहमीची, ऑफिसातून उशिरा आलेली. डावीकडची रंगवलेली दिसतच नव्हती, ती आठ तास झोपून उठली होती. शर्मिलाने आरसा डावीकडे केला, उजवीकडे केला. सरुबाईंनी तो तिच्या हातातून घेतला आणि तिचा चेहराच नीट न्याहाळला.

"चांगलं काम हाय," त्या म्हणाल्या. मग सुनेला म्हणाल्या, "सकाळी पाटावर मांडलंस ना ह्ये? देवाम्होरं ठिवताना लाजली न्हाईस. मग दिराम्होरं ठिवाया काय झालं?"

शर्मिलाने वर पाहिलं. "तुम्हाला माहीत होतं? मी आप्पांना सांगितलं नाही ते?"

"मांडववाला पोरगा घरी येताना नखात गुलाबी रंग घिऊन येतो व्हय? मी काय आंधळी हाय? तू कदी सांगतीस त्याची वाट बघत बसले."

पियुष ब्रशाचा दांडा पुसत होता, पुसून झालेला दांडाच परत पुसत होता. त्याला आत्ता घाई करायची नव्हती आणि उद्या दसरा होता, हे दोन्ही त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. चेहरे फक्त त्यालाच कळत होते असं थोडंच होतं.

आप्पासाहेब काय म्हणतील ते शर्मिलाने दीड वर्षात शंभर वेळा मनात ऐकलं होतं. "बायकांची कामं" म्हणतील. "दीड वर्ष फसवलंस" म्हणतील, आणि ते खरंच असेल. फोन आपटतीलही. पण आत्ता, या खुर्चीत, तिला पहिल्यांदाच वाटलं की फसवलं ते आप्पासाहेबांना कमी, या पोराला जास्त. त्याने स्कूटरची किल्ली पूजेला ठेवली होती.

"माझा फोन कुठाय?" ती म्हणाली.

"आई, उजवी बाजू राहिलीये."

"राहू दे. आधी फोन करते. संध्याकाळच्या पूजेला ब्रश न्यायचेत ना."

"हळद दांड्यालाच लावायची," पियुष घाईने म्हणाला.

"ते तू सांग तुझ्या काकांना. तू काय करतोस ते मी सांगते, हळद कुठे लावायची ते तू सांग."

तिने नंबर लावला. पलीकडे पाण्याचा जोराचा आवाज आला, जेसीबी धुणं चाललं असणार, आणि मग नेहमीचा भरदार सूर: "बोल शर्मिला."

"आप्पा," ती म्हणाली, "पाणी बंद करायला सांगा जरा. नीट ऐकून घ्यायचंय तुम्हाला."